निर्धोक चाकें आणि धोक्याची वाट

सायकल आपल्या घरांत आतां इतकी जुनी झाली आहे कीं तिला कांहीं इतिहास असेल अशी कल्पनाही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जातें, पाटा-वरवंटा, विहिरीवरचा रहाट यांच्याच पंक्तीला आपण तिला बसवून टाकलें आहे. वास्तविक हें वाहन अवघें दोनशें वर्षांचें आहे. आणि आज ज्या रूपांत आपण तें ओळखतों त्या रूपाला तर अद्याप दीडशें वर्षेंही झालेलीं नाहींत. एवढ्या अल्प काळांत सायकलीनें मनुष्याला काय दिलें, असा प्रश्न केल्यास बहुतेकजण ‘वेग’ असें उत्तर देतील. आमच्या मतें तें उत्तर अपुरें आहे. वेग घोड्यानेंही दिला होता. परंतु घोडा पोसण्याची ऐपत नसलेल्या साध्या मनुष्यानें कोणाच्याही मदतीवांचून घरापासून दोन-चार कोस जावें आणि दिवेलागणीच्या आंत परत यावें, हें धैर्य सायकलीनें दिलें. हें धैर्य कोठून आलें आणि आज तें कोठें व कां खचत आहे, याचा विचार आम्ही येथें जालना जिल्ह्याच्या निमित्तानें करणार आहों. हाच जिल्हा कां, तें पुढें ओघानें येईलच.

प्रथम यंत्राकडे पाहूं. १८१७ सालीं जर्मनींत कार्ल फॉन ड्राइस यांनीं लांकडाची दुचाकी तयार केली. तिला पायडल नव्हतें. स्वार दोन्ही पायांनीं जमीन मागें लोटीत पुढें धांवे. १८६० नंतर फ्रान्समध्यें पुढच्या चाकाला पायडल बसलें. पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचाही एकच फेरा होई. म्हणून वेग हवा तर चाक मोठें करणें एवढाच उपाय राहिला. अशा रीतीनें १८७० च्या सुमारास पुढचें चाक माणसाच्या छातीइतकें उंच आणि मागचें अगदींच लहान, अशी ती विचित्र गाडी जन्मास आली. तींत स्वार जवळजवळ पुढच्या आंसावरच बसे. वाटेंत धोंडा लागला किंवा ब्रेक एकाएकीं दाबला गेला कीं सबंध गाडी आंसाभोवतीं उलटे आणि स्वार डोक्यावर आपटे. साहजिकच ती सवारी धडधाकट, तरुण आणि खिशांत पैसा खुळखुळणाऱ्या पुरुषांचा खेळ होऊन बसली. स्त्रिया, वयस्क माणसें, ओझें नेणारे कष्टकरी यांना तिच्यांत जागा नव्हती.

ही स्थिति १८८५ सालीं पालटली. त्या वर्षीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यांनीं ‘रोव्हर’ नांवाची सायकल पुढें आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं. पायडल दोहोंच्या मध्यें होतें आणि पायांची शक्ति सांखळीनें मागच्या चाकास मिळे. पुढें मोठें व मागें लहान असें दांतेरी चक्र बसविल्यानें चाक न वाढवितां वेग वाढला, बैठक खालीं आली आणि स्वाराचे पाय जमिनीस पोंचूं लागले. या जातीच्या सायकलीस इंग्रजींत जें नांव पडलें तें मोठें अर्थपूर्ण आहे. तिला ‘सेफ्टी’ म्हणजे निर्धोक सायकल असें म्हणत. तीन वर्षांनीं, १८८८ मध्यें, बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेनें भरलेली रबरी धांव तयार केली, आणि हाडें खिळखिळीं करणारी सवारी मऊ झाली. आज आपल्या ओसरींत उभी असलेली सायकल म्हणजे त्या दोन सुधारणांचेंच अपत्य होय.

ह्या सुधारणांचा परिणाम काय झाला? गाडी बदलतांच स्वार बदलले. जें धाडस पूर्वीं थोड्या निवडक पुरुषांना साधत होतें तें शिक्षिकेला, टपालवाल्याला, कारखान्यांतील मजुराला साधूं लागलें. अमेरिकेंतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड या त्रेपन्नाव्या वर्षीं सायकल शिकल्या आणि १८९५ सालीं त्यांनीं त्या शिक्षणावर एक पुस्तकच लिहिलें. आरंभीं मदतनीस सायकल धरून चालत, मग हळूहळू ते हात काढून घेत. विलर्डबाई एकाएकीं शूर झाल्या असें नव्हे. उंच चाकाच्या गाडीवर त्या बसल्याही नसत्या. यावरून आम्हांस इतिहासाचा पहिला धडा असा दिसतो कीं धैर्य हा केवळ स्वभावाचा गुण नाहीं. साधन निर्धोक झालें म्हणजे भित्रीं समजलीं जाणारीं माणसेंही धीट होतात.

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत मिळतो. १८८८ च्या सुमारास बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचा व्यवसाय आरंभिला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगांवांत त्यांचे बंधु रामुअण्णा त्या विकीत. या विक्रीस एक जोड असे. जो सायकल घेई त्याला ती चालविण्यास शिकवावें लागे. लोकांनीं हें वाहन पूर्वीं पाहिलेलेंच नव्हतें. नुसती वस्तु हातीं देऊन काम भागलें नसतें. पुढें त्याच बंधूंनीं लोखंडी नांगर घडविले आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, ती हकीकत सर्वांस ठाऊक आहे. तथापि त्या मोठ्या उद्योगाच्या मुळाशीं सायकल विकणें आणि सायकल शिकविणें हीं दोन कामें जोडीनें होतीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

पुढें सायकली वाढल्या आणि शिकविण्याचें काम दुकानदाराकडून गल्लीकडे आलें. तासावर भाड्यानें सायकल देणारीं दुकानें गांवोगांवीं निघालीं. पाय पोंचत नसले तरी दांड्याखालून पाय घालून, अर्धें अर्धें पायडल मारीत मुलें शिकूं लागलीं. मागें कोणी थोरला भाऊ सीट धरून धांवे. त्याच काळांत नगरपालिकांनीं सायकलीवर वार्षिक पट्टी बसविली, आणि ती भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीस लावावा लागे. दिवेलागणीनंतर दिव्यावांचून जाणें आणि एका सायकलीवर दोघांनीं बसणें हे गुन्हे समजले जात. आरंभीं रॉकेलचा, मग कार्बाइडचा आणि त्यानंतर चाकावर घांसून चालणारा डायनामोचा दिवा, अशी दिव्यांचीही एक परंपराच झाली. नाक्यावर पोलिसानें अडवून चाकांतील हवा सोडल्याच्या कथा आमच्या पिढीनें वडिलांच्या तोंडून हौसेनें ऐकल्या. आज त्या शिस्तीचें हंसूं येतें. परंतु तींत एक गोष्ट गृहीत होती. सायकल हें रस्त्यावरचें खरेंखुरें वाहन आहे, त्याला कर्तव्यें आहेत आणि म्हणूनच रस्त्यावर हक्कही आहे, असें नगरपालिका मानीत होती. बिल्ला गेला, पट्टी गेली. त्यांच्याबरोबर सायकलस्वाराची गणतीही गेली.

सायकलीच्या पराक्रमाची कथा सांगतांना मुंबईच्या तरुणांचें नांव घेतलें जातें. १९२३ च्या ऑक्टोबरांत कांहीं पारशी तरुण मुंबईहून सायकलींनीं जगप्रवासास निघाले, आणि त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चांत ती प्रदक्षिणा पुरी करून परतले. हा पराक्रम वंदनीय आहे. तथापि सायकलीचें खरें कार्य अशा प्रदक्षिणांत नाहीं. तें रोजच्या दीड-दोन कोसांच्या वाटेंत आहे, आणि त्या वाटेसाठीं आतां आपण जालन्याकडे वळूं.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग घेऊन निर्माण झाला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग जालन्यावरून गेला, आणि येथल्या मोंढ्याला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या. परंतु लोहमार्ग शहराला शहर जोडतो. भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी या भागांतील खेडुताला स्टेशन गांठावयाचें तर पाय किंवा बैलगाडी हींच साधनें होतीं. गांव आणि बाजार, गांव आणि दवाखाना, गांव आणि शाळा यांमधलें अंतर सायकलीनें कमी केलें. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंस लटकविलेला गवळी, मागें कडब्याची पेंढी बांधलेला शेतकरी, पोलादाच्या कारखान्यांत पाळीवर निघालेला कामगार, असे स्वार या मुलखाच्या ओळखीचे आहेत. येथली वाटही स्वाराची परीक्षा पाहणारी आहे. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल मडगार्डांत घट्ट बसून चाक फिरेनासें होतें, आणि उन्हाळ्यांत बाभळीचा कांटा ट्यूबेचा प्राण घेतो. ह्या अडचणींस येथला मनुष्य कधीं भ्याला नाहीं. चिखल काडीनें काढावा, पंक्चर गांवच्या दुकानांत काढून घ्यावें आणि पुढें निघावें, एवढेंच तो जाणतो.

या जिल्ह्याच्या इतिहासांत सायकलीला एक नवें स्थान मिळालें तें मुलींच्या शिक्षणामुळें. मानवविकासांत मागें राहिलेल्या जिल्ह्यांसाठीं राज्य शासनानें २००६ सालीं मानव विकास मिशन स्थापन केलें. त्यांत जालन्याचा समावेश होता. २०११ मध्यें तें कार्य राज्यांतील १२५ तालुक्यांत विस्तारलें, आणि शाळेपासून ५ किलोमीटरांपर्यंत राहणाऱ्या, ८ वी ते १२ वी इयत्तांतील गरजू मुलींना सायकलीसाठीं अर्थसाहाय्य मिळूं लागलें. २०२२ मध्यें ही रक्कम ३५०० रुपयांवरून ५००० रुपये झाली. प्राथमिक शाळा गांवांत आणि माध्यमिक शाळा शेजारच्या मोठ्या गांवीं, ही आपल्या ग्रामीण भागाची जुनी रचना होय. सातवी झाल्यावर मुलीचें शिक्षण थांबतें तें पुष्कळदां बुद्धीच्या अभावानें नव्हे, मधल्या वाटेमुळें.

ही केवळ आमची समजूत नाहीं. बिहारांत २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठीं पैसे देण्यांत आले. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं त्या योजनेचा अभ्यास केला. त्यांना असें आढळलें कीं माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या मुलींचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं वाढलें, आणि मुलगे व मुली यांमधलें अंतर ४० टक्क्यांनीं घटलें. ही वाढ मुख्यतः शाळेपासून ३ किलोमीटरांहून दूर असलेल्या गांवांत झाली. तमिळनाडूंत त्याहीपूर्वीं, १९९१-९२ च्या सुमारास, पुदुकोट्टै जिल्ह्यांत साक्षरतेच्या मोहिमेबरोबरच सायकल शिकविण्याची मोहीम निघाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकारानें हजारों कष्टकरी स्त्रिया अक्षरें आणि सायकल दोन्ही शिकल्या. तेथल्या कित्येक स्त्रियांनीं पुरुषी बनावटीची सायकल पसंत केली, कारण तिच्या दांड्यावर मूल बसवितां येतें. पुदुकोट्टैस जें झालें त्यांत बेळगांवचाच धडा होता. तेथें वाहनाबरोबर शिकवणही दिली गेली.

आपल्याकडे मात्र वाहन मिळतें आणि शिकवण गल्लीवर सोपविली जाते. मुलगा गल्लींत शिकतो. मोठ्या मुलीला गल्लींत पडत-झडत शिकण्याची मुभा घरोघरीं असतेच असें नाहीं. वास्तविक हें शिक्षण अवघड नाहीं. बैठक इतकी खालीं घ्यावी कीं दोन्ही पाय सपाट टेकतील. पायडल न मारतां पायांनीं जमीन लोटीत मोकळ्या पटांगणांत फिरावें, म्हणजे ड्राइसच्या त्या पहिल्या दुचाकीप्रमाणें. आणि सायकल ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस हँडल किंचित् वळवावें. तोल राखण्याचें सारें मर्म ह्या शेवटच्या वाक्यांत आहे, आणि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेंही कलत्या बाजूस वळणें हाच सायकलीच्या स्थैर्याचा मुख्य आधार असल्याचें दाखविलें. तोल आला म्हणजे पायडल. पायडल आलें म्हणजे दोन्ही ब्रेक सारखे दाबून थांबणें. मग सरळ रेषा न मोडतां मान वळवून मागें पाहणें आणि एक हात सोडून वळण्याची खूण करणें. ओढणी व पदर खोंचलेला असावा, सांखळीवर झांकण असावें, दप्तर हँडलला न लटकवितां मागें घट्ट बांधावें. रस्त्याच्या अगदीं कडेच्या गटारांत किंवा खचलेल्या साइडपट्टीवर चालूं नये. कडेपासून हातभर आंत, सरळ व दिसेल असें चालावें. पुढें पांढरा आणि मागें तांबडा दिवा नसेल तर अंधारांत निघूंच नये. सायकलीवरील प्रकाश परतविणाऱ्या खुणांसाठीं केंद्र सरकारनें २०२० सालीं मानकांचा आदेश काढला आहे. पण त्या खुणांवर चिखल बसला तर आदेशाचा उपयोग नाहीं, त्या पुसल्या पाहिजेत. जालना जिल्ह्यांतील कोणत्याही शाळेच्या मैदानावर एका पंधरवड्यांत हें सर्व शिकवितां येईल.

परंतु यंत्र निर्धोक झालें आणि शिकवण मिळाली तरी तिसरी गोष्ट उरते, ती वाट. येथें इतिहासानें सायकलस्वाराची मोठी क्रूर थट्टा केली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड व अमेरिका या देशांत चांगल्या रस्त्यांची चळवळ जोरानें चालविणारे लोक सायकलस्वारच होते. १८८० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन सायकलस्वारांच्या संघानें त्यासाठीं पुष्कळ खटपट केली. रस्ते चांगले झाले, आणि लवकरच त्यांवर मोटार आली. ज्यांनीं रस्ता मागितला तेच त्यावर उपरे ठरले. आपल्याकडेही तेंच झालें. ज्या अरुंद डांबरी रस्त्यानें आठवीची मुलगी शाळेस निघते त्याच रस्त्यानें पोलादाचे ट्रक जातात. आणि अंबड-घनसावंगीकडे गळिताच्या हंगामांत उसानें लादलेल्या, मागें दिवाही नसलेल्या ट्रॉल्या जातात. जिल्ह्यांतून आतां समृद्धि महामार्गही गेला आहे. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. मोटारींस तेथें ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे आणि सायकलीस मज्जाव आहे. त्या वेगापुढें तो मज्जाव योग्यच म्हटला पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं ज्या राज्यानें मोटारीसाठीं ७०१ किलोमीटरांची वेगळी वाट बांधली, त्यानें शाळेच्या ५ किलोमीटरांसाठीं साधी मुरमाची पट्टीही वेगळी राखूं नये, हें विषम आहे. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

या आंकड्यांत न दिसणारी एक हानि आहे. धोक्याच्या रस्त्यावर मुलगा जातो, आणि कधीं त्याची किंमत शरीरानें देतो. मुलीच्या बाबतींत आईबाप ती किंमत आधींच देऊन टाकतात. तिला त्या रस्त्यावर पाठवीतच नाहींत. अपघाताच्या नोंदवहींत तिचें नांव येत नाहीं, कारण ती घरांत असते आणि तिची सायकल भिंतीशीं टेकलेली असते. अशा आईबापांस मागासलेले म्हणणें सोपें आहे. पण रस्ता पाहून घाबरणारा बाप हा आमच्या दृष्टीनें समंजस मनुष्य आहे. त्याची भीति उपदेशानें जाणार नाहीं. ज्या कारणानें ती उत्पन्न झाली तें कारण गेलें म्हणजे ती जाईल.

तें जाऊं शकतें याचा पुरावा हॉलंडनें दिला आहे. तो देश सायकलींचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण तेथेंही १९७१ सालीं रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. सायकलनें शाळेस निघालेली मुलगी ज्यानें गमावली अशा एका पत्रकारानें लेखणी उचलली. आईबाप रस्त्यावर आले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हें त्या चळवळीचें नांवच होतें. १९७३ मध्यें पेट्रोलची टंचाई आली, आणि राज्यकर्त्यांनींही कान दिला. पुढच्या दशकांत तेथें सायकलींच्या स्वतंत्र वाटा आणि वस्तींतील वाहनांच्या वेगाला आळा हीं दोन्ही कामें झालीं. तेथल्या मुलांत कांहीं नवें धैर्य उत्पन्न झालें नाहीं. वाट बदलली, आणि पूर्वींचें धैर्य पुरूं लागलें.

जालन्यास हॉलंडइतका पैसा नाहीं, आणि तितका लागणारही नाहीं. शाळेकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला हातरुंद नव्हे, चांगली दोन हात रुंद, दाबलेल्या मुरमाची साइडपट्टी असावी. शाळेच्या अलीकडे-पलीकडे गतिरोधक असावेत, कारण वेग दुप्पट झाला कीं आघाताचा जोर चौपट होतो. उसाच्या ट्रॉलीस मागें दिवा व चमकणारी पट्टी असल्यावांचून कारखान्यानें तिचें वजन करून घेऊं नये. जेथें कालव्याच्या किंवा जुन्या गाडीवाटेनें शाळेस जातां येतें तेथें ती वाट बाभळी तोडून दुरुस्त ठेवावी. हीं कामें ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या आणि कारखान्याच्या आवांक्यांतलीं आहेत. त्यांची मागणी करण्याचें काम मात्र आपलें, म्हणजे शिकल्यासवरल्या कुटुंबांचें आहे. आपलीं मुलें स्कूटीवरून किंवा शाळेच्या बसनें जात असलीं तरीही.

१८८५ सालीं एका कारागिरानें वाहन निर्धोक केलें आणि जगांतील निम्म्या मनुष्यजातीला, म्हणजे स्त्रियांना, रस्ता उघडून दिला. पुढें १८८८ च्या सुमारास बेळगांवच्या एका दुकानानें दाखविलें कीं वाहन देणाऱ्यानें शिकवणही द्यावी. हीं दोन्ही कामें शतकापूर्वींच झालेलीं आहेत, आणि पहिल्याचा खर्च तर शासन आज स्वतः करीत आहे. राहिलें आहे तें तिसरें. जोंवर तें होत नाहीं तोंवर मुलीच्या नांवें दिलेले ५००० रुपये सरकारी जमाखर्चांत खर्ची पडतील, सायकल घरीं येईल, आणि शाळा पूर्वींइतकीच दूर राहील.